अनुभवाचा रकाना

साशंक — सर, त्या पोरीच्या डोक्यात हे भरवू नका, एवढीच विनंती आहे. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून ती बाहेर पडली, हात चांगला आहे, डोकं त्याहून चांगलं आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावात अभ्यासिका चालवतो. सकाळी शटर वर जातं तेव्हा पोट्टे दाराशी उभे असतात. तलाठी, वनरक्षक, पोलीस, जिल्हा परिषद यांच्यापलीकडची नोकरी त्यांना कुणी दाखवलेली नाही, हे मला कबूल आहे. पण तुम्ही दाखवता ते काय? आधुनिक कलेच्या संग्रहालयातली जागा. केंद्र सरकारची नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट दिल्ली, मुंबई आणि बंगळुरू अशा तीन ठिकाणी आहे. खासगी संग्रहालयं मोजकी. कधीतरी जाहिरात निघते, तीत सहायक अभिरक्षकाची एखादी जागा, आणि तिच्यावर अख्ख्या देशातून अर्ज. ही वणीहून गाडी धरून मुंबईला मुलाखतीला जाईल, परत येईल, आणि तोवर तिचं भरतीचं एक वर्ष गेलेलं असेल. घरची कोरडवाहू पऱ्हाटी किती वर्षं तिची वाट बघणार?

आग्रही — वर्ष जाण्याची भीती घालतोस, तर आधी तुझ्याच अभ्यासिकेचा हिशेब मांडू. २०२३ च्या तलाठी भरतीची जाहिरात ४,६४४ जागांची होती आणि अर्ज आले दहा लाखांहून जास्त. शंभरात एकालाही जागा नाही. तिथे तू मुलांना प्रयत्न सोडू नका म्हणतोस, मग इथेच काहून आकडा पुढे करतोस? आकडा दोन्हीकडे सारखाच कठोर आहे. तलाठी काय करतो ते गावात प्रत्येकाला ठाऊक असतं आणि संग्रहालयात माणसं दिवसभर काय करतात ते कुणालाच ठाऊक नसतं, एवढाच फरक.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळवणारी मुलं या तालुक्यातूनही निघतात. त्यांच्यापुढे आपण दोन वाटा ठेवतो. चित्रकार हो, नाहीतर चित्रकला शिक्षक हो. पहिलीत पोट भरेल याची हमी नाही. दुसरी सरकारने अतिथी निदेशकाच्या मानधनावर आणून ठेवली. चित्र जपण्याची, त्याची नोंद ठेवण्याची, ते लोकांपर्यंत नेण्याची तिसरी वाट आपण उच्चारतही नाही. आणि ही वाट विदर्भाला परकी आहे असं समजू नकोस. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. सय्यद हैदर रझा मुंबईच्या जे. जे. मध्ये जाण्याआधी नागपूरच्या चित्रशाळेत शिकले. या देशातल्या आधुनिक कलेचं कुठलंही संग्रहालय या दोघांवाचून पुरं होत नाही. त्यांची चित्रं जपायला नागपूरपलीकडच्या एखाद्या तालुक्यातली मुलगी गेली तर त्यात अघटित काय आहे?

साशंक — गायतोंडे आणि रझा नागपुरात राहिले असते तर आज आपण त्यांची नावं घेतली असती का, ते सांगा. एक दिल्लीला गेले, दुसरे पॅरिसला. गायतोंडेंचं मोठं प्रदर्शन २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये भरलं. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून उभं आहे, पण त्याचा मुख्य भर पुरातत्त्वावर आणि प्राणी-पक्ष्यांवर. तिथे शाळेच्या सहली जातात आणि पोरं पेंढा भरलेले प्राणी बघून येतात. तेव्हा विदर्भाचा वारसा वगैरे राहू द्या. मला काम सांगा. ही मुलगी सकाळी दहाला तिथे जाऊन संध्याकाळी सहापर्यंत काय करणार आहे?

आग्रही — हेच विचारायला हवं होतं. भिंतीवर टांगलेली चित्रं म्हणजे संग्रहालयाच्या साठ्याचा लहानसा भाग. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहात सतरा हजारांच्या आसपास कलाकृती आहेत. एका वेळी त्यातल्या थोड्याच लोकांसमोर येतात. बाकीच्या भांडारात. एक माणूस त्या प्रत्येकीची नोंद ठेवतो. वही किंवा संगणक काहीही असो, नोंदीत कलाकृतीचा क्रमांक असतो, ती कधी आली, कुणाकडून आली, विकत की देणगी, माप काय, माध्यम काय, कुठल्या कपाटात आहे, कोणत्या प्रदर्शनासाठी बाहेर गेली आणि परत आली तेव्हा कशी होती, हे सगळं असतं. चित्र बाहेर पाठवताना त्याचा स्थिती-अहवाल लिहावा लागतो. डाव्या कोपऱ्यात रंगाला तडा, खाली डाग, चौकट सैल. पाठवणारा आणि घेणारा, दोघांच्या सह्या. हे काम चुकलं की विम्याचा दावाही चुकतो आणि पुढे कोर्टात मालकीही सिद्ध करता येत नाही. तुझ्या तलाठ्याच्या फेरफार नोंदीइतकंच ते गंभीर आहे.

दुसरा माणूस संवर्धनाचा. कागदावरच्या जलरंगाला पन्नास लक्सच्या वर प्रकाश देत नाहीत, तैलचित्राला दोनशेच्या आसपास चालतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण पन्नास टक्क्यांच्या जवळ आणि मुख्य म्हणजे स्थिर ठेवायची. ती वरखाली झाली की कॅनव्हास ताणतो, सैल पडतो, आणि त्यावरचा रंग तडकतो. कागदाला कसर लागते, चौकटीला वाळवी. आता सांग, ओलाव्याचं हे गणित मारेगावला समजावून सांगावं लागेल का? सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर कापसात आठ टक्के ओलावा निघाला तर पूर्ण भाव, त्याच्या वर कपात, बाराच्या वर गाडी परत. धुक्याच्या सकाळी वेचलेला कापूस आणि उन्हात वाळवलेला कापूस यांतला फरक इथल्या बाईला हाताने कळतो. बहुतेक आधुनिक चित्रं कापडावर आहेत, आणि त्यातलं पुष्कळ कापड सुती. धागा पाणी धरतो म्हणजे काय होतं, ही समज घेऊन आपली मुलगी त्या दारातून आत जाईल. तिथल्या कित्येकांना ती पुस्तकातून शिकावी लागते.

तिसरं काम हाताळणीचं. चित्र कुठे धरायचं, किती माणसांनी उचलायचं, पेटी कोणत्या लाकडाची, आत कसलं अस्तर. हे न जमलं की काय होतं ते कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये २०१३ साली दिसलं. रामपुरव्याचं अशोककालीन सिंहशीर्ष हलवताना त्याची मोडतोड झाली. दोन हजारांहून अधिक वर्षं टिकलेला दगड एका हलवाहलवीत गेला. पेट्या बांधणारा सुतार, मंच उभारणारा वेल्डर, दिवे बसवणारा वायरमन ही संग्रहालयाची माणसंच आहेत, आणि आयटीआय झालेली अशी पोरं तुझ्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची पुस्तकं घेऊन बसली आहेत.

साशंक — तुम्ही काम सांगितलं, छान सांगितलं. हे मला ठाऊक नव्हतं. पण तुम्ही काम सांगता आणि जाहिरात सांगते पद. पदावर माणूस कसा घेतात ते बघा. वरच्या जागा लोकसेवा आयोगामार्फत. पात्रतेत संग्रहालयशास्त्र, कलेतिहास किंवा ललित कला यांतली पदवी, आणि तिच्याखाली ती ओळ, मान्यवर संग्रहालयातला तीन वर्षांचा अनुभव. हा अनुभव मारेगावच्या पोरीने कुठून आणायचा? मुंबईत एखाद्या ठिकाणी विनावेतन उमेदवारी करून. ती कोण करू शकतं? ज्याचं घर मुंबईतच आहे तो. म्हणजे अनुभवाची अट ही घराच्या पत्त्याची अट झाली. तुमची मुलगी कापसाचा ओलावा हाताने ओळखते म्हणता, पण त्या रकान्यात हात लिहिता येत नाही.

आता खालच्या जागा घ्या. दालनात उभा राहणारा, दार उघडणारा, सफाई करणारा. ही कामं आज सरकारी असोत की खासगी, बहुतेक ठिकाणी एजन्सीकडे गेली आहेत. आपल्या राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला होता. पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. निर्णय गेला, रीत गेली नाही. म्हणजे वर अनुभवाची भिंत, खाली एजन्सीचा खड्डा, आणि मधे तुम्ही सांगितलेलं ते सुंदर काम. ते काम करायला पद भरलंच जात नाही. पुरावस्तूंच्या जतनावर कॅगने २०१३ साली अहवाल दिला, त्यात अपुरं मनुष्यबळ आणि साठ्याची न झालेली प्रत्यक्ष पडताळणी हेच तर आहे. ज्या घरात जागा मंजूर असून माणूस ठेवत नाहीत, तिथे आपलं लेकरू कशाला पाठवायचं?

आग्रही — तू ज्याला खड्डा म्हणतोस, त्या दालनातल्या उभ्या माणसाबद्दल आधी बोलू. आपण त्याला पहारेकरी म्हणतो आणि विसरतो. पण संग्रहालयात चित्राकडे सगळ्यात जास्त वेळ बघतो तो तोच. अभिरक्षक महिन्यातून एकदा दालनात येतो, प्रेक्षक मिनिटभर थांबतो, हा माणूस रोज आठ तास त्याच भिंतीसमोर असतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९५३ साली रॉबर्ट रायमन नावाचा तरुण पहारेकरी म्हणून लागला. तो सॅक्सोफोन शिकायला शहरात आला होता, चित्रकलेचं शिक्षण नव्हतं. सात वर्षं त्याने मातिस, सेझान, रॉथको बघितले, रंग विकत आणले आणि काम सुरू केलं. पुढे तो अमेरिकेतल्या मोठ्या चित्रकारांत गणला गेला. डॅन फ्लॅविनही तिथेच पहारेकरी होता, सोल लेविट तिथेच रात्रीच्या पाळीला टेबलाशी बसायचा. एका इमारतीच्या खालच्या नोकऱ्यांतून एक पिढी उभी राहिली.

हे जुनं वाटत असेल तर २०२२ घे. बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयाने आपल्या सतरा पहारेकऱ्यांना सांगितलं, संग्रहातून तुम्ही निवडा, प्रदर्शन तुम्ही मांडा, पाट्या तुम्ही लिहा. त्यांनी निवडलेल्या कलाकृती अभिरक्षकांनी निवडल्या असत्या त्यांच्यापेक्षा वेगळ्या होत्या, कारण लोक कुठे थांबतात, मुलं कुठे हसतात, म्हातारी माणसं कुठे बसायला जागा शोधतात हे त्यांनी बघितलं होतं. खालच्या पदातही ज्ञान असतं. संस्थेने ते विचारावं लागतं, एवढंच.

साशंक — संस्थेने विचारावं लागतं. सगळी गोष्ट या एका वाक्यावर टांगली आहे, आणि तुम्ही ते शेवटी हळूच म्हणालात. रायमनला पगार मिळत होता, सुट्टी मिळत होती, खोली भाड्याने घेऊन रंगवायला संध्याकाळ उरत होती. आपल्याकडे सिक्युरिटीत लागलेली मारेगावची पोरं पुण्यात आहेत, नागपुरात आहेत. बारा-बारा तासांची पाळी करतात, एका खोलीत सहा जण झोपतात, आणि एजन्सी बदलली की पुन्हा नव्याने लागतात. त्यांच्यासमोर भिंतीवर गायतोंडे टांगला काय आणि कॅलेंडर टांगलं काय, त्यांच्या पायांना काय फरक पडतो? सतरा पहारेकऱ्यांना कुणी विचारलं याची बातमी जगभर झाली, यावरूनच कळतं की एरवी विचारत नाहीत.

*

या दोघांचं बोलणं मधेच थांबवून लिहिणाऱ्याने स्वतःचं काही सांगू नये असा संकेत आहे, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबईत काळा घोड्याला ज्या इमारतीत आज नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे, ते सर कावसजी जहांगीर सभागृह. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज विटेटने बांधलं. कित्येक दशकं तिथे जाहीर सभा झाल्या, कामगारांचे मेळावे झाले, लग्नं लागली, मालाचे सेल लागले. मग चित्रकारांनी आणि कलाप्रेमींनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९९६ च्या अखेरीस ते कलासंग्रहालय झालं. हा बदल मला मोलाचा वाटतो. पण ज्या सभागृहात एके काळी गिरणी कामगार सहज येऊन बसत, त्याच जागेत त्यांच्या नातवंडांना आज पायरीवर बिचकल्यासारखं होत असेल, तर ते बिचकणं घालवणं हेही कुणाचं तरी काम आहे. पगारी काम. साशंकाचा राग मला पटतो. पण तो राग संग्रहालयातल्या नोकऱ्या कमी महत्त्वाच्या ठरवतो तेव्हा मी आग्रहीच्या बाजूला सरकतो. रिकामं पद ही त्या पदाविरुद्धची साक्ष होऊ शकत नाही.

*

आग्रही — बरं, नोकरीची अवस्था तू म्हणतोस तशीच आहे असं धरू. तरी विचार कर, आपली माणसं आतच गेली नाहीत तर आत काय ठरतं? मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्याचं उदाहरण घे. रझा तिथे १९२२ साली जन्मले. त्याच मुलखातल्या पाटनगढचा जनगढसिंह श्याम १९६२ चा, परधान गोंड. दोघांच्या चित्रांत तेच जंगल, तोच ठिपका, तीच नर्मदेकाठची माती. रझा आधुनिक ठरले, जनगढ आदिवासी ठरला. ही पाटी कुणी लावली? संग्रहालयातल्या माणसांनीच. मग ती खोडली कुणी? तीही संग्रहालयातल्याच एका माणसाने. भोपाळला १९८२ साली भारत भवन उभं राहिलं तेव्हा जगदीश स्वामीनाथन तिथल्या रूपंकर विभागाचे प्रमुख होते. त्यांनी विद्यार्थ्यांना खेड्यापाड्यांत पाठवलं, जनगढची भिंतीवरची चित्रं त्यांच्यापर्यंत पोचली, आणि त्यांनी त्याला भोपाळला आणून भारत भवनात मुद्राचित्रणाच्या विभागात कामाला लावलं. नोकरी दिली. शाल-श्रीफळ देऊन परत पाठवलं नाही. त्या नोकरीच्या आधारावर त्याने आपल्या नात्यातली कितीतरी माणसं भोपाळला आणली, आणि आज जनगढ कलम नावाची एक शैलीच उभी आहे.

आपल्या तालुक्यात गोंड आहेत, परधान आहेत, कोलाम आहेत. राज्यातल्या तीन आदिम जमातींच्या यादीत कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर कोलामांचं नाव आहे. उद्या कुठल्या तरी दालनात कोलाम पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, एखादी वस्तू येईल. तिच्याखालची पाटी कुणी लिहायची?

साशंक — जनगढचं नाव काढलंत, तर गोष्ट पुरी सांगा. २००१ साली तो जपानमधल्या मिथिला म्युझियममध्ये करारावर चित्रं काढत होता, आणि तिथेच त्याने जीव दिला. अजून चाळिशीही झाली नव्हती. परक्या मुलखात, एका संग्रहालयाच्या कामावर, घरी परतण्याची ओढ लागलेली असताना. यवतमाळ जिल्ह्यात राहून मी ही गोष्ट सहज ओलांडून जाऊ शकत नाही. इथे घराघरातून माणूस गेल्यावर सरकारी पंचनामा होतो, मदत पात्र की अपात्र ठरतं, आणि कारणांच्या रकान्यात एक ओळ लिहितात. जनगढबद्दलही तशाच ओळी लिहिल्या गेल्या. म्हणून सांगतो, एका चांगल्या माणसाने हात धरून आत नेलं म्हणजे संस्थेचं दार उघडलं असं होत नाही. स्वामीनाथन होते तोवर ते दार होतं. करारावर, परदेशात, एकट्याला, तिथे दारामागे कुणीच नव्हतं. तुमच्या मुलीच्या मागे तिथे कोण असेल?

आणि पाटी कुणी लिहायची हा तुमचा सवाल मला पटतो. इतका पटतो की उलट विचारतो. कोलामांची वस्तू मुंबईच्या दालनात जायलाच कशाला हवी? ती इथेच राहिली, इथेच बघायला मिळाली, तर पाटीची भानगडच कमी होईल. पोरीला तिकडे पाठवण्याऐवजी संग्रहालय इकडे का येत नाही?

आग्रही — येऊ शकतं, आणि खेड्यात आलेलंही आहे. सातारा जिल्ह्यातलं औंध बघ. लहानसं गाव. संस्थानाचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली गावाबाहेरच्या टेकडीवर श्री भवानी संग्रहालय उभारलं. तिथे रवि वर्म्याची चित्रं आहेत, आणि हेन्री मूरचं शिल्पही आहे. मुंबईत आधुनिक कलेचं सरकारी संग्रहालय व्हायच्या साठेक वर्षं आधी औंधच्या टेकडीवर ते होतं. आज ते राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. म्हणजे खेड्यात संग्रहालय आणि त्यात सरकारी पद, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधलं फिरतं संग्रहालयही चालवलं आहे. वस्तू घेऊन ती गावोगावच्या शाळांत जाते.

साशंक — बस येते आणि जाते, सर. पोरं रांगेत चढतात, उतरतात, वहीत चार ओळी लिहितात. वाईट नाही, पण बसला पत्ता नसतो. आणि औंधला राजा होता. मारेगावला नगरपंचायत आहे. तिला नळाच्या पाण्याचं आणि नालीचं बघायचं आहे. संग्रहालयासाठी एक खोली मागायला गेलात तर खोलीही देतील, उद्घाटनही करतील, फलकावर नावंही कोरतील. देणार नाहीत ते एका माणसाचा पगार. आणि पगाराशिवाय ती खोली तीन पावसाळ्यांत गोदाम होते. हे मी कितीतरी वाचनालयांचं झालेलं बघितलं आहे.

आग्रही — पगार मिळाला आणि जाणणारा माणूस नसला, तरी गोदामच होतं. फक्त कुलूप सरकारी असतं. म्हणून मी तिला तिकडे जा म्हणतो. नोंद कशी ठेवतात, अहवाल कसा लिहितात, कागद कशात गुंडाळतात, कसर कशी आवरतात हे तिने मोठ्या ठिकाणी शिकावं. तिने इथे काय सुरू केलंय ते तुला ठाऊक आहे ना? तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी. वणी-मारेगावच्या घराघरांत आजोबा-पणजोबांच्या वेळचे नंदी आहेत. कुणी सागाचा कोरून घेतलेला, कुणी गावच्या सुताराने दिलेला. दरवर्षी लेकरं ते सजवून मिरवतात आणि वर्षभर ते माळ्यावर पडतात. ही मुलगी घरोघर जाऊन त्यांची वही करते आहे. उंची, लाकूड, रंगाचे थर, मोडलेलं शिंग, कोणत्या सुताराचं काम, घरात कुणी आणला. फोटो काढते, भुंगा लागला असेल तर घरच्यांना सांगते. नंदी घेऊन येत नाही, ज्याच्या घरचा त्याच्या घरी ठेवते. मला विचारशील तर संग्रहालयाची नोंदणी म्हणतात ती हीच.

साशंक — वही मी पाहिली आहे. चांगली आहे. मी तिला दोन घरं स्वतः दाखवली. म्हणूनच जास्त त्रास होतो. ती वही इथे कुणी तरी ठेवायला हवी आणि ती ठेवू शकणारी एकमेव व्यक्ती तुम्ही मुंबईला पाठवताय. शिकून ती परत येईल असं तुम्ही धरून चालता. शिकलेला माणूस या तालुक्यात परत कशावर येतो? पगारावर. तो इथे नाही. मग ती तिकडेच राहील, आणि आपला तालुका आणखी एका दालनाला माणूस पुरवून मोकळा होईल. गायतोंड्यांपासून हेच चाललं आहे.

आग्रही — आणि ती न जाता राहिली, तलाठी झाली, तर वही थांबेल. तेही तू जाणतोस. उमरखेडला किंवा दारव्ह्याला नेमणूक होईल, दिवसभर सातबारा आणि पंचनामे, आणि नंदी माळ्यावर. दोन्ही वाटांनी वही थांबतेच. मग निदान ज्या वाटेने तिचं शिकणं थांबत नाही ती घेऊ दे.

साशंक — तुम्ही म्हणता ते एका पोरीपुरतं बरोबर आहे. मी तालुक्यापुरतं बोलतो आहे. दोन्ही एकाच वेळी बरोबर असतील तर काय करायचं, ते मला सांगता येत नाही. बरं, जाहिरातीवर येऊ. अर्ज कधीपर्यंत?

आग्रही — या महिनाअखेर.

साशंक — आणि तो रकाना? तीन वर्षांचा अनुभव, मान्यवर संग्रहालयातला, दाखल्यासह. दाखल्यावर सही कोण करणार? तुम्ही निवृत्त शिक्षक, मी अभ्यासिकेवाला. आपल्या दोघांच्या सह्यांना तिथे काय किंमत?

आग्रही — रकाना रिकामा सोडायचा नाही, आणि खोटा दाखलाही आणायचा नाही. ती वहीचं वर्णन लिहील. किती घरं, किती वस्तू, कोणती पद्धत. ज्या घरांत नंदी आहेत त्या घरच्यांनी सह्या करायच्या. ज्यांच्या वस्तू तिने नोंदवल्या त्यांच्याहून जास्त अधिकाराने तिच्या कामाबद्दल कोण सांगणार?

साशंक — छाननी करणारा कारकून ते बघून अर्ज बाजूला ठेवील. अट पूर्ण नाही, एवढं लिहील. किंवा तेही लिहिणार नाही.

आग्रही — न लिहिलं तर आपण विचारू. कोणत्या अनुभवावर कोणाला घेतलं आणि घरोघरच्या नोंदीचं काम अनुभवात का बसलं नाही, हे माहितीच्या अधिकारात मागू. भरतीचे नियम माणसांनीच केलेत. अनुभव म्हणजे फक्त मोठ्या इमारतीतला, असं कुठे लिहून ठेवलं असेल तर ती ओळ बदला म्हणून पत्र देऊ. यवतमाळहून देऊ, नागपूरहून देऊ, तिच्यासारख्या दहा जणांकडून देऊ.

साशंक — माहितीच्या अधिकारात पद मिळत नाही, सर.

आग्रही — नाही मिळत.

साशंक — आणि ओळ बदलायला पाच वर्षं लागतील. तोवर तिचं वय भरतीच्या बाहेर जाईल.

आग्रही — जाईलही. म्हणून तलाठ्याचा अर्जही भरायला सांग तिला, मी नको म्हणणार नाही. फक्त तिने अभ्यासिकेत बसायचं म्हणून वही बंद करायची नाही. तेवढ्यासाठी तुझ्याकडे एक कपाट आहे का, कोरडं, भिंतीपासून थोडं दूर?

साशंक — कपाट आहे. पण तिच्या कामाचे पैसे त्या कपाटातून निघणार नाहीत, आणि ती गोष्ट मी तुम्हाला विसरू देणार नाही.